लग्न की मठ? मध्ययुगीन पोलंडच्या राजकन्यांच्या वाट्याला काय यायचं

पोलंडला जायच्या आधी तुम्ही किंगा, सालोमेआ, यादविगा या संत-राजकन्यांबद्दल वाचलंत आणि दोन गोष्टी विचारल्यात. तीन-पाच वर्षांच्या मुलींची लग्नं ठरायची आणि नवरा गेला की त्या मठात जायच्या, यात त्यांची स्वतःची मर्जी किती होती? आणि नवरा-बायको दोघंही आयुष्यभर ब्रह्मचारी राहिले, असं जे संतचरित्रांत लिहिलंय त्यावर विश्वास ठेवावा का?

थोडक्यात सांगायचं तर लहानपणी मर्जीचा प्रश्नच नव्हता. विधवा झाल्यावर मात्र मर्जीला बरीच जागा होती आणि यातल्या बऱ्याच जणींनी ती पुरेपूर वापरली. मठ म्हणजे निराधार बाईचा शेवटचा आसरा, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. हा काळ इतकी वर्षं शिकवताना माझं मत उलटं होत गेलं. जिच्या नावावर जमीन होती तिच्यासाठी मठ हे ती जमीन दिराच्या, पुतण्याच्या, भावाच्या घशात जाऊ न देण्याचं सगळ्यांत पक्कं साधन होतं. भक्ती खरी होतीच, पण सोबत सनदाही होत्या, आणि त्या वाचल्याशिवाय या बायका कळत नाहीत.

आधी लहानपण. पोलंडचा ड्यूक तिसरा बोलेस्वाव ११३८ मध्ये वारला आणि त्याचं राज्य मुलांमध्ये वाटलं गेलं. त्याच्या मागे राहिली दुसरी बायको, जर्मनीतल्या बेर्ग घराण्यातली सालोमेआ. (तुम्ही वाचलेली सालोमेआ ही नव्हे, ती पुढच्या शतकातली.) वैधव्यात चरितार्थासाठी हिला वेंचित्साचा मुलूख हयातभर मिळाला होता. ११४१ मध्ये तिथे तिने आपले मुलगे आणि सरदार यांची बैठक बोलावली. विषय होता तिची धाकटी लेक आग्नेस. वय वर्षं तीन. हिला कीवच्या राजघराण्यात द्यायची, की श्वाबिया प्रांतातल्या त्स्वीफाल्टनच्या मठात पाठवायची? थोरली मुलगी गर्ट्रूड त्या मठात आधीच नन होती. हे आपल्याला कळतं कारण त्या मठाचा ओर्टलीब नावाचा साधू तेव्हा तिथे हजर होता आणि त्याने ते लिहून ठेवलं. मठालाही राजकन्या हवी होती, तिच्याबरोबर देणग्या येतात म्हणून. सालोमेआला सावत्र मुलगा व्लादिस्वाव याच्याविरुद्ध रशियन बळ हवं होतं. बळाची गरज मोठी ठरली आणि आग्नेस कीवला जाणार हे ठरलं.

त्या बैठकीत लग्न आणि मठ या दोन गोष्टी एकाच पारड्यात तोलल्या गेल्या, हे मला फार बोलकं वाटतं. एक रस्ता संसाराचा आणि दुसरा संन्यासाचा, अशी विभागणी तिथे कुणाच्या मनात नव्हती. दोन्हीकडून घराण्याला काहीतरी मिळणार होतं: इकडून फौज, तिकडून प्रार्थना आणि सालोमेआच्या माहेरच्या लोकांशी, म्हणजे बेर्ग घराण्याच्या मठाशी, टिकलेलं नातं.

चर्चचा कायदा याच शतकात पक्का होत होता. मुलीचं लग्नाचं वय किमान बारा, मुलाचं चौदा, वाङ्‌निश्चय सातव्या वर्षापासून, आणि लग्न वैध ठरायला दोघांची संमती हवी. कागदावर हे बाईच्या बाजूचं होतं. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या मुलीला सासरी नेऊन तिथेच वाढवायची पद्धत पडली होती. बाराव्या वर्षी तिला संमती विचारायची वेळ यायची तेव्हा तिची भाषा, तिच्या दाया, तिचा देवघराचा पुजारी, सगळं सासरचं झालेलं असायचं. नाही म्हणायला माहेर आठवायला तरी हवं ना!

आग्नेसची गोष्ट इथे संपत नाही. तिचा मुलगा रोमान हालिच आणि व्होलिन्या या प्रांतांचा बलाढ्य राजा झाला. हालिच म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनचा भाग. १२०५ मध्ये तो पोलंडवर चालून आला आणि विस्तुला नदीकाठी झाविहोस्त इथे मारला गेला. ज्यांच्याशी लढताना मेला ते लेशेक आणि कॉनराड त्याचे सख्खे मामेभाऊ, आग्नेसच्या भावाचे मुलगे. मुलगी देऊन जोडलेलं नातं दुसऱ्या पिढीत असं रणांगणावर आलं. रोमानची मुलं लहान होती, हालिचची गादी रिकामी पडली आणि तिच्यावर हंगेरीचा राजा दुसरा आंद्रेआस आणि पोलंडचा लेशेक, दोघांचाही डोळा होता. १२१४ मध्ये स्पिश इथे दोघांनी तह केला: हालिचच्या गादीवर आंद्रेआसचा मुलगा कोलोमान बसेल आणि त्याची राणी होईल लेशेकची मुलगी सालोमेआ. नवरदेव सहाएक वर्षांचा, नवरी तीनेक वर्षांची.

ही सालोमेआ म्हणजे तुम्ही वाचलेली. पोपच्या परवानगीने कोलोमानला हालिचमध्ये मुकुट मिळाला. १२२१ मध्ये रशियन राजा म्स्तिस्लाव याने शहर जिंकलं आणि या पोरसवदा राजा-राणीला कैद करून नेलं. सालोमेआ तेव्हा नऊ-दहा वर्षांची. पुढे तडजोड होऊन दोघं सुटली, हंगेरीत राहिली. कोलोमानला स्लाव्होनियाचा (आजच्या क्रोएशियातला भाग) कारभार मिळाला, पण हालिच परत कधी मिळालं नाही. १२४१ मध्ये मंगोल फौजा एकाच वेळी पोलंडात आणि हंगेरीत घुसल्या. ११ एप्रिलला मोही इथल्या लढाईत कोलोमान जबर जखमी झाला आणि त्यातच पुढे गेला. तिशीच्या आसपासची सालोमेआ माहेरी परतली. मूल नव्हतं, राज्य नव्हतं. १२४५ मध्ये तिने सांदोमिएश इथे संत क्लाराच्या संघाची, म्हणजे फ्रान्सिस्कन परंपरेतल्या नन्सच्या संघाची, दीक्षा घेतली.

इथे थांबून विचार करा, तिच्यापुढे दुसरं काय होतं. राजाची विधवा, राजाची बहीण, मूल होण्याच्या वयाची. भाऊ बोलेस्वाव क्राकुफच्या, म्हणजे पोलंडातल्या मुख्य, गादीवर. कुणीतरी मागणी घालणार आणि पुन्हा एखाद्या तहात तिचं नाव लिहिलं जाणार, हे ठरलेलं. दीक्षा घेतली की तो दरवाजा कायमचा बंद. आणि तिने जे केलं त्याला निवृत्ती म्हणवत नाही. तिच्यासाठी भावाने क्लारा-संघाचा पोलंडातला पहिला मठ उभारला, तो झाविहोस्तला, जिथे तिच्या वडिलांनी रोमानला हरवलं होतं तिथेच. पण ती जागा सरहद्दीजवळ होती. १२५९-६० च्या सुमारास मंगोल पुन्हा येणार असं दिसल्यावर तिने अख्खा मठ क्राकुफजवळच्या स्कावा इथल्या कातळावर हलवला. तिच्याच पुढाकाराने १२६७ मध्ये त्या भागात नगर वसवायची सनद निघाली. १२६८ मध्ये ती वारली तेव्हा मठाला जमिनी, ग्रंथ, पूजेची भांडी, सगळं तिच्याकडून मिळालेलं होतं.

आता एक तपशील, जो मी विद्यार्थ्यांना हमखास सांगते, कारण मोठमोठं राजकारण नात्यांतून कसं चालायचं ते त्यातून लगेच उमजतं. सालोमेआच्या भावाची, बोलेस्वावची, बायको किंगा. किंगा ही हंगेरीच्या चौथ्या बेलाची मुलगी. बेला आणि कोलोमान सख्खे भाऊ. म्हणजे सालोमेआ ही किंगाची काकूही आणि नणंदही. साटंलोटं आपल्याकडेच होतं असं समजू नका. त्याआधी दोनशे वर्षं पोलंडच्या काझिमिएशने कीवच्या यारोस्लावची बहीण केली आणि आपली बहीण यारोस्लावच्या मुलाला दिली होती.

त्या बहिणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती मला या सगळ्यांत जवळची वाटते. तिचंही नाव गर्ट्रूड, राजा दुसरा म्येश्को याची मुलगी. कीवच्या इझ्यास्लावशी तिचं लग्न झालं. मध्ययुगीन राजकन्यांच्या तोंडचे शब्द आपल्याकडे जवळजवळ उरलेच नाहीत. जे आहे ते साधूंनी लिहिलेलं. गर्ट्रूडचा अपवाद. ट्रिअरच्या आर्चबिशपसाठी दहाव्या शतकात तयार झालेलं स्तोत्रांचं एक सुंदर हस्तलिखित तिच्याकडे आलं आणि तिने त्याला जास्तीची पानं जोडून त्यांवर नव्वदच्या आसपास लॅटिन प्रार्थना लिहवून घेतल्या. त्यांत स्वतःचं नाव घेतलेलं आहे. पुन्हापुन्हा येतो तो पीटर, तिचा मुलगा यारोपोल्क, ज्याचं बाप्तिस्म्याचं नाव पीटर होतं. त्याला ती ‘माझा एकुलता एक’ म्हणते. ज्या घरात सत्तेसाठी भाऊ भावाला हाकलत होता त्या घरातली आई मुलाच्या जिवासाठी एकेक संताची करुणा भाकत होती, हे त्या पानांतून थेट ऐकू येतं.

त्यात एक चित्र आहे. संत पीटर उभे आहेत, समोर यारोपोल्क आणि त्याची बायको भरजरी पोशाखात हात पसरून उभी. आणि खाली, जवळजवळ जमिनीला टेकून, एक बाई संतांचा पाय धरून बसली आहे. तिच्याजवळ स्लाव लिपीत लिहिलंय: यारोपोल्कची आई. चित्रकाराच्या लेखी ती कुणाची तरी आई, प्रार्थनांमध्ये मात्र ती गर्ट्रूड. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात.

तिचं आयुष्य सुखाचं गेलं नाही. नवऱ्याला कीवमधून हाकललं तेव्हा १०६९ मध्ये तिच्या भाच्याने, पोलंडच्या दुसऱ्या बोलेस्वावने, फौज देऊन त्याला परत गादीवर बसवलं. १०७३ मध्ये पुन्हा हाकललं. या खेपेला इझ्यास्लाव खजिना घेऊन पोलंडात आला, तर त्याच भाच्याकडच्या लोकांनी खजिना ठेवून घेतला आणि पाहुण्यांना वाट दाखवली. रशियन बखरीत हे नोंदलेलं आहे. माहेरचा आधार किती आणि कुठपर्यंत, याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही. नवरा १०७८ मध्ये लढाईत गेला, यारोपोल्कचा १०८६ मध्ये खून झाला. गर्ट्रूड ११०८ पर्यंत जगली. ते पुस्तक पुढे कितीतरी बायकांच्या हातांतून गेलं. शेवटी ते हंगेरीच्या संत एलिझाबेथकडे आलं आणि तिने इटलीतल्या चिविदालेच्या चर्चला दिलं. आजही ते चिविदालेतच आहे.

मठ आणि मालमत्ता यांचा संबंध सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो सायलेसियाच्या (आजच्या नैऋत्य पोलंडातला प्रांत) यादविगाच्या बाबतीत. ही जन्माने बव्हेरियाच्या अँडेक्स घराण्यातली. सायलेसियाचा ड्यूक हेन्रिक, ज्याला ‘दाढीवाला’ म्हणतात, त्याची बायको. दोघांनी मिळून १२०२ च्या सुमारास त्शेब्नित्सा इथे सिस्टर्शियन या कडक शिस्तीच्या संघातल्या नन्सचा मठ स्थापला, पहिल्या नन्स जर्मनीतल्या बामबेर्गहून आल्या, आणि पहिली मठप्रमुख होती पेट्रिसा, यादविगाची लहानपणची शिक्षिका. सात मुलं झाल्यावर १२०९ मध्ये नवरा-बायकोने बिशपसमोर ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. पुढे यादविगा बराच काळ मठाच्या आवारात राहायची, नन्ससारखा राखाडी पोशाख करायची, त्यांच्यासारखी उपास करायची. पण व्रतस्थ नन मात्र ती शेवटपर्यंत झाली नाही. का? नन झाली की स्वतःच्या नावावर काही ठेवता येत नाही. तिला आपलं उत्पन्न आपल्या हाताने गरिबांवर, महारोग्यांवर, कैद्यांवर खर्च करायचं होतं. भक्तीची पराकोटी आणि व्यवहाराचं पक्कं भान, दोन्ही एकाच बाईत. मला या बाईचं मोठेपण इथे दिसतं, चमत्कारांत तितकं नाही.

तिची मुलगी, पुन्हा गर्ट्रूडच, मठात गेली ती मात्र वेगळ्या रस्त्याने. तिचा वाङ्‌निश्चय ओटो फॉन विटेल्सबाख याच्याशी झाला होता. १२०८ मध्ये या ओटोने बामबेर्गला जर्मनीचा राजा फिलिप याचा खून केला. भावी जावई राजहत्यारा ठरला, लग्न बारगळलं, आणि मुलगी त्शेब्नित्साच्या मठात गेली. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण हीच मुलगी पुढे मठप्रमुख झाली आणि १२६८ पर्यंत, तीसहून जास्त वर्षं, तिने त्या मठाचा कारभार चालवला. शेकडो माणसांचं पोट त्या मठाच्या गावांवर अवलंबून होतं. तिच्यामागून ती गादी तिची भाची आग्नेस हिच्याकडे गेली. सुरुवात सक्तीची आणि पुढचं आयुष्य अधिकाराचं, अशी उदाहरणं एकदोन नाहीत. म्हणून ‘इच्छा की सक्ती’ असा सरळ प्रश्न टाकला की उत्तर निसटतं.

यादविगाचं चित्र तुम्ही कदाचित पाहिलं असेल. १३५३ मध्ये तिच्या वंशातल्या ब्जेगच्या ड्यूक लुद्विकने तिचं सचित्र चरित्र लिहवून घेतलं. ते हस्तलिखित आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. एका मोठ्या चित्रात ती उभी आहे, एका हातात हस्तिदंती मेरी, पुस्तकाच्या पानांत बोट अडकवलेलं, जपमाळ, आणि हातावर लटकवलेले चामडी जोडे. पाय उघडे. गोष्ट अशी सांगतात की ती बर्फातही अनवाणी चालायची. गुरूने आज्ञा केली, जोडे वापर. तिने आज्ञा मोडली नाही, जोडे वापरले, पण काखेत. त्याच चित्रात खाली अगदी लहान आकारात ड्यूक आणि त्याची बायको गुडघे टेकून बसले आहेत. घरात एक संत असणं ही त्या काळी केवढी पुंजी होती, ते त्या आकारांतल्या फरकावरून कळतं. १२६७ मध्ये पोपने तिला संत घोषित केलं होतं. त्यानंतर सायलेसियाचे सगळे छोटे-मोठे ड्यूक तिचं नाव लावून मिरवत.

तिचा मुलगा दुसरा हेन्रिक ९ एप्रिल १२४१ रोजी लेग्नित्साला मंगोलांशी लढताना पडला. मोहीच्या दोनच दिवस आधी. मुंडकं कापलेलं होतं. डाव्या पायाला सहा बोटं होती त्यावरून बायकोने, आन्नाने, ओळख पटवली असं सांगतात. ही आन्ना बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाची, राजकन्या. वैधव्यात हिने व्रोत्स्वाफला क्लारा-संघाचा मठ उभा केला आणि तिची एक मुलगी तिथे प्रमुख झाली.

आता किंगा, आणि तुमचा दुसरा प्रश्न. किंगा १२३९ मध्ये पाच वर्षांची असताना पोलंडात आली. तुम्ही व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत जाल तेव्हा जमिनीखाली शंभर मीटरवर मिठातच कोरलेलं तिचं भव्य देवालय बघाल आणि अंगठीची गोष्ट ऐकाल: तिने हंगेरीतल्या खाणीत वाङ्‌निश्चयाची अंगठी टाकली आणि पोलंडात पहिल्या मिठाच्या ढेपेत ती निघाली. तिच्याच काळात, १२५० च्या सुमारास, बोख्निया इथे दगडी मीठ लागलं हे खरं आहे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो १२५७ चा कागद. मंगोलांच्या स्वारीनंतर देश सावरायला किंगाने माहेरून आणलेला पैसा खर्ची पडला होता. त्याच्या बदल्यात नवऱ्याने तिला सोंचचा मुलूख लिहून दिला. आपल्याकडच्या भाषेत, वापरलेल्या स्त्रीधनाची भरपाई. हंगेरीच्या वाटेवरचा, व्यापाराचा, मोक्याचा मुलूख.

१२७९ मध्ये बोलेस्वाव वारला. गादी गेली त्याच्या दत्तक वारसाकडे, लेशेक चार्नीकडे, आणि त्याला सोंच परत हवं होतं. किंगाने काय केलं? १२८० मध्ये स्तारी सोंच इथे क्लारा-संघाचा मठ स्थापून त्याला तो मुलूख देऊन टाकला. राजाला विधवेशी भांडता येतं, मठाशी भांडायचं म्हणजे पोपशी भांडायचं. वाद काही वर्षं चालला, शेवटी लेशेकने मान्य केलं. किंगा मठात राहायला गेली, पण विधिवत दीक्षा तिने घेतली १२८९ मध्ये, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर. १२९२ मध्ये गेली. यादविगाने जन्मभर जे टाळलं ते किंगाने नऊ वर्षं पुढे ढकललं, आणि कारण दोघींचं एकाच जातीचं असावं असं माझं मत आहे.

या मठात जगणं कसं होतं? दिवसा-रात्रीच्या ठरलेल्या वेळांना एकत्र प्रार्थनागायन, उरलेल्या वेळी वाचन, हस्तलिखितांची नक्कल, भरतकाम, मौन, बाहेरच्यांशी बोलायचं ते जाळीआडून. पण जगापासून तुटलेलं ते नव्हतं. स्तारी सोंचच्या मोठ्या गायनग्रंथांच्या बांधणीत जुन्या चर्मपत्राच्या पट्ट्या वापरलेल्या सापडल्या, आणि त्यांवर पॅरिसच्या नोत्र-दाम परंपरेतलं बहुस्वरी संगीत निघालं. कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी, भिंतीआड, पॅरिसचं त्या काळचं अद्ययावत संगीत पोचलं होतं.

ब्रह्मचर्याच्या लग्नाचं म्हणाल तर किंगाला मूल झालं नाही ही पक्की गोष्ट. व्रत होतं का? तिचं चरित्र तिच्यानंतर, तिला संत ठरवण्याच्या खटपटीत लिहिलं गेलं, तेव्हा ते जपूनच वाचावं. तरी मला ते खरं वाटतं. नवऱ्याला ‘लाजरा’, ‘शुद्ध’ हे नाव इतिहासात कायमचं चिकटलं. त्यांचं गणगोत बघा: नणंद सालोमेआचंही असंच लग्न, नात्यातली एलिझाबेथ संत, आणि किंगाची सख्खी धाकटी बहीण मार्गारेट डॅन्यूबच्या बेटावरच्या मठात. या मार्गारेटला तर बोहेमियाच्या राजाचं स्थळ आलं, बापाला ते हवं होतं, पोपकडून व्रतातून मोकळीक मिळणारी होती, आणि तिने ठाम नकार दिला. या घरातल्या मुलींना ‘नाही’ म्हणायचं एक हत्यार सापडलं होतं. त्याची किंमत मात्र राज्याने मोजली: बोलेस्वावबरोबर त्याची शाखा संपली.

याच्याच शेजारी ग्रिफिनाची गोष्ट ठेवा. ग्रिफिना ही किंगाची भाची, याच लेशेक चार्नीची बायको. हिलाही मूल नव्हतं. पण हिने व्रताचा आडपडदा घेतला नाही. १२७१ मध्ये तिने उघड जाहीर केलं की नवरा नामर्द आहे, लग्न पुरं झालेलंच नाही, आणि विवाहित बाईचं डोक्यावरचं वस्त्र काढून कुमारिकेसारखी उघड्या केसांनी वावरू लागली. नवऱ्याला सोडून राहिली. १२७५ मध्ये समेट झाला, तोही बोलेस्वाव-किंगाच्या मध्यस्थीने. घर तेच, प्रश्नही तोच, म्हणजे अपत्य नसणं. पण मावशी संत झाली आणि भाचीची बखरकारांनी कुचाळकी केली. मला ग्रिफिनाच्या धैर्याचं कौतुक वाटतं आणि तिच्याबद्दल कुणी देवालय कोरलं नाही याची खंतही.

नवऱ्यांनी टाकलेल्यांबद्दल थोडंच लिहिते. चौदाव्या शतकातला काझिमिएश, ज्याला ‘महान’ म्हणतात, त्याने हेस्सेच्या आडेलहाइडशी १३४१ मध्ये लग्न केलं आणि तिला झार्नोव्येत्सच्या गढीत ठेवून दिलं. पोपची पत्रं येत राहिली, फरक पडला नाही. १३५६ मध्ये ती माहेरी निघून गेली. तिच्याकडे मूल नव्हतं, पोलंडात स्वतःचा मठ नव्हता, दान द्यायला मुलूख नव्हता. हे नसलं की राणीचंही काय होतं ते दिसतं.

आणि उलट टोकाला रिक्सा. पोलंडच्या राजा दुसऱ्या प्शेमिस्वची एकुलती एक मुलगी. बापाचा १२९६ मध्ये खून झाला तेव्हा ती सात वर्षांची. बोहेमियाच्या दुसऱ्या व्हात्स्लावने तिच्याशी लग्न ठरवून पोलंडच्या गादीवरचा दावा पक्का केला. १३०३ मध्ये प्रागला लग्न आणि राज्याभिषेक. चेकांना रिक्सा हे नाव विचित्र वाटलं म्हणून ते बदलून एलिझाबेथ केलं. १३०५ मध्ये ती विधवा झाली, मुलगी जन्मून आठवडा झाला होता. १३०६ मध्ये हाब्सबुर्ग रुडॉल्फशी लग्न, १३०७ मध्ये पुन्हा विधवा. एकोणिसाव्या वर्षाच्या आत दोन राजांची राणी होऊन ती मोकळी झाली, आणि तिच्या हातात वैधव्याच्या हक्काची शहरं होती. त्यातलं मुख्य शहर ह्रादेत्स क्रालोव्हे, म्हणजे राणीचं ह्रादेत्स. हे नाव आजही नकाशावर आहे.

तिसरं लग्न तिने केलं नाही. लिपेचा हेन्रिक या बलाढ्य सरदाराबरोबर ती राहिली, लपवाछपवी न करता. ब्रनो शहरात येऊन १३२३ मध्ये तिने सिस्टर्शियन नन्सचा मठ स्थापला, त्यासाठी सुंदर सचित्र ग्रंथ करवून घेतले. नन ती झाली नाही. हेन्रिक गेला तेव्हा त्याला त्याच मठाच्या चर्चमध्ये पुरलं, आणि १३३५ मध्ये तिलाही तिथेच. मठाची संस्थापक असल्यामुळे तिला नाही म्हणणार कोण? ज्या नात्याला लग्नाचं नाव कधी मिळालं नाही त्याला तिने स्वतःच्या चर्चमध्ये जागा दिली. मठाचा इतका धीट वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जाताना वेळ ठेवा: त्शेब्नित्साला यादविगाची समाधी आहे, व्रोत्स्वाफहून तासाभराच्या आत. क्राकुफमध्ये संत आंद्रेआसच्या चर्चला लागून सालोमेआच्या परंपरेतल्या नन्स अजून राहतात. स्कावाहून त्या चौदाव्या शतकात इथे आल्या. स्तारी सोंचचा मठही चालू आहे, चर्च बघता येतं, आतला भाग नाही. आणि परतीच्या वाटेवर प्राग किंवा व्हिएन्ना असेल तर ब्रनोला उतरा. रिक्साचा नन्सचा मठ अठराव्या शतकात बंद झाला आणि वास्तू ऑगस्टिनियन साधूंना मिळाली. वाटाण्यांवर प्रयोग करणारा ग्रेगोर मेंडेल तो याच मठात. बहुतेक पर्यटक त्याच्यासाठी येतात. तुम्ही शेजारच्या विटांच्या चर्चमध्येही जा, रिक्सा आणि हेन्रिक तिथे आहेत.